मेंदूच्या पेशींना ‘आता थांब’ कोण सांगतं?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक पेशी एकदा तयार झाली की पुन्हा कधीच विभागत नाही. कातडीच्या पेशी आयुष्यभर झडत आणि नव्याने येत राहतात. यकृताचा मोठा तुकडा कापून काढला तरी ते भरून येतं. पण हा लेख वाचताना तुमच्या ज्या चेतापेशी कामाला लागल्या आहेत, त्या बहुतेक तुमच्या जन्माच्या आसपासच्याच आहेत.

मी ठाण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पेशीविभाजनाचा धडा आला की मुलं टप्प्यांची नावं पाठ करतात, आकृत्या काढतात, मार्क मिळवतात. विभाजन कसं होतं हे त्यांना नीट सांगता येतं. ते थांबतं कसं, हे क्वचितच कुणी विचारतं. मेंदूच्या बाबतीत मला तोच प्रश्न मोठा वाटतो. हे थांबणं वेळेच्या आधी आलं तर बाळाचं डोकं लहान राहतं. आलंच नाही, तर खेळत्या वयाच्या मुलाच्या डोक्यात गाठ होऊ शकते. थांबायची वेळ ठरवणाऱ्या जनुकांचा हात दोन्हीकडे असतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. गुडघ्यावरच्या कातडीच्या पेशीत आणि मेंदूतल्या पेशीत जनुकं तीच असतात. प्रथिनं बनवण्याची माहिती देणारी साधारण २०,००० जनुकं दोन्हींत आहेत. फरक पडतो तो कोणती वाचली जातात आणि कोणती नाहीत यावर. हे ठरवणारी काही खास प्रथिनं असतात. ती थेट डीएनएवर जाऊन बसतात आणि शेजारचं जनुक वाचायला लावतात, नाहीतर वाचू देत नाहीत. ही प्रथिनंही जनुकांपासूनच बनतात, म्हणजे एक जनुक दुसऱ्याला चालू करतं, दुसरं तिसऱ्याला बंद करतं, आणि कधी तिसरं उलटं पहिल्यावर येऊन बसतं. उदाहरणार्थ, ‘रेस्ट’ नावाचं एक प्रथिन कातडी, यकृत अशा पेशींत चेतापेशीची जनुकं दाबून ठेवतं. पेशी चेतापेशी व्हायला निघाली की आधी हे रेस्ट कमी व्हावं लागतं. तुमच्या यकृतात चेतापेशीची सगळी माहिती जन्मभर पडून असते, फक्त ती कुणी वाचत नाही.

आता गर्भाकडे वळू. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात पाठीच्या बाजूला पेशींचा एक पट्टा जाडसर होतो. त्याच्या कडा वर उचलल्या जातात, आत वळतात, एकमेकींना मिळतात आणि नळी तयार होते. पुढचा मेंदू आणि मज्जारज्जू या नळीतूनच घडतात. साधारण २८व्या दिवशी नळीची दोन्ही तोंडं मिटलेली असतात. तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि अनेकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. नळी नीट मिटली नाही तर बाळाला आयुष्यभराचं अपंगत्व येऊ शकतं, कधी बाळ जगतच नाही. म्हणून फोलिक अॅसिडची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, मूल हवं असं ठरवल्यापासूनच घ्यायची असते. झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना डीएनए बनवायला फोलेट लागतं. गोळी सुरू करायला सोनोग्राफीची वाट पाहत बसलं, तर ज्यासाठी ती घ्यायची तो दिवस निघून गेलेला असतो. हे मी वर्गात दरवर्षी सांगते, मुलींना आणि मुलांनाही.

नळीच्या आतल्या पोकळीला लागून मेंदूच्या मूळ पेशी असतात, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे चेतापेशी बनतात त्या. त्यांतली एक जवळून पाहू. तिचं एक टोक पोकळीच्या भिंतीवर रोवलेलं असतं. दुसऱ्या टोकाला बारीक, लांबलचक धागा असतो, तो थेट मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतो. पेशीचं केंद्रक या लांबीत वर-खाली फिरत राहतं. डीएनएची नक्कल करायची असते तेव्हा ते पोकळीपासून दूर सरकतं, आणि विभागायची वेळ आली की पुन्हा खाली येतं. विभाजन होतं ते भिंतीला टेकूनच. नवी चेतापेशी जन्मली की ती आपल्या आईच्या, म्हणजे त्या मूळ पेशीच्याच धाग्याला धरून वर चढते आणि आपल्या थरात जाऊन बसते. साधारणपणे आधी जन्मलेल्या पेशी आतल्या थरांत राहतात, आणि नंतरच्या त्यांना ओलांडून बाहेरच्या थरांत जातात. सगळा वेळ आईचा धागा ताणलेलाच असतो. सूक्ष्मदर्शकाखाली काढलेल्या चित्रफितीत हे केंद्रकांचं वर-खाली होणं दिसतं. ते बघताना वर्गात कुणी बोलत नाही.

सुरुवातीचा काही काळ प्रत्येक मूळ पेशी स्वतःसारख्या दोन पेशी बनवते, त्यामुळे मूळ पेशींची संख्या दर खेपेला दुप्पट होत जाते. मग पद्धत बदलते. विभाजनातून एक मूळ पेशी आणि एक चेतापेशीच्या वाटेला लागलेली पेशी, अशी जोडी निघू लागते. घरी रोज दही लावणाऱ्यांना हे लगेच कळेल. दही कितीही छान लागलं तरी चमचाभर उद्याच्या विरजणासाठी बाजूला ठेवावंच लागतं. सगळंच ताटांत वाढून टाकलं, तर आज जेवण झकास होईल आणि उद्या लावायला काही उरणार नाही. मेंदूतल्या मूळ पेशी हे विरजण आहे. किती दिवस ते फक्त वाढवायचं, कधीपासून त्यातून दही लावायचं आणि कधी उरलेलं सगळं वापरून संपवायचं, यावर मेंदूचा आकार ठरतो.

हे सगळं ठरतं पेशींच्या आपापसातल्या बोलण्यातून, आणि त्याचा माग आधी एका माशीत लागला. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात पिकलेल्या केळ्यांवर जी बारीक चिलटं घोंघावतात, त्याच कुळातली ड्रोसोफिला ही माशी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत १९१० च्या दशकात पंखाच्या कडेला खाच असलेल्या काही माश्या आढळल्या, आणि त्यामागच्या जनुकाला ‘नॉच’ म्हणू लागले. मॉर्गन यांना पुढे १९३३ मध्ये नोबेल मिळालं. पंखाची खाच ही मामुली गोष्ट होती. गर्भात नॉच अजिबात नसेल तर काय होतं हे नंतर कळलं, आणि ते भयंकर होतं. माशीच्या गर्भाच्या ज्या भागातून थोड्या चेतापेशी आणि बाकी कातडी व्हायची, त्या भागातल्या जवळजवळ सगळ्याच पेशी चेतापेशी होऊन बसतात. कातडीला पेशी उरत नाहीत आणि गर्भ मरतो.

नॉच हे पेशीच्या बाहेरच्या पडद्यातून आरपार गेलेलं प्रथिन आहे. शेजारच्या पेशीच्या पडद्यावर ‘डेल्टा’ नावाचं दुसरं प्रथिन असतं. जी पेशी चेतापेशी व्हायला निघते, ती स्वतःवर डेल्टा वाढवते. डेल्टा शेजारणीच्या नॉचला चिकटला की त्या शेजारच्या पेशीत नॉचचा आतला तुकडा तुटतो, थेट केंद्रकात जातो आणि ‘हेस’ कुटुंबातली जनुकं चालू करतो. हेसची प्रथिनं तिथली चेतापेशी बनवणारी जनुकं दाबतात. थोडक्यात, पुढे निघालेली पेशी सभोवतालच्या पेशींना मागे थांबवते, आणि मागे राहिलेल्या मूळ पेशी म्हणून शिल्लक राहतात. माशीत हेच होतं, आणि तुमच्या-आमच्या मेंदूतही. ५० कोटी वर्षांहून जास्त काळ आधी आपला आणि माशीचा पूर्वज एक होता. तेव्हाची ही व्यवस्था अजून टिकून आहे, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

त्यातही एक बारकावा आहे. हेस१ हे प्रथिन आपलं स्वतःचं जनुकही दाबतं. प्रथिन वाढलं की जनुक बंद होतं. प्रथिन लवकर मोडून जातं, मग जनुक पुन्हा चालू होतं. त्यामुळे उंदराच्या मूळ पेशींत हेस१ दर दोन-तीन तासांनी वर-खाली होत राहतं, आणि त्याच्या उलट तालात चेतापेशीचं ‘न्यूरोजेनिन’ हे जनुक. जोवर हे हेलकावे चालू आहेत तोवर पेशी विभागत राहते, कोणत्याच बाजूला झुकत नाही. न्यूरोजेनिन एका उंचीवर जाऊन तिथेच टिकलं, की निर्णय झाला.

निर्णय झाला म्हणजे विभाजन थांबायला हवं. पेशीचं चक्र पुढे ढकलतात ती ‘सायक्लिन’ आणि त्यांच्यासोबत काम करणारी सीडीके नावाची प्रथिनं. टिम हंट यांना १९८२ मध्ये समुद्री साळू (सी अर्चिन) या काटेरी प्राण्याच्या अंड्यांवर काम करताना सायक्लिन सापडलं. विभाजनाच्या प्रत्येक खेपेला ते साठत जातं आणि मग एकदम नाहीसं होतं. हंट, लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांना पेशीचं चक्र कसं चालतं यावरच्या कामासाठी २००१ चं नोबेल मिळालं. थांबायच्या वेळी पेशीत ‘पी२७’ हे प्रथिन वाढतं. ते सायक्लिन आणि सीडीकेच्या जोडीला घट्ट पकडून तिचं काम बंद पाडतं. उंदरांत पी२७ काढून टाकलं तर अनेक अवयव जास्त पेशींचे होतात आणि उंदीरच मोठा होतो. मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, पी२७ आणखी एक काम करतं, ते न्यूरोजेनिनला मोडू देत नाही. थांबवणारं आणि चेतापेशी बनवणारं काम असं एकमेकांना आधार देतं, म्हणून थांबलेली पेशी सहसा पुन्हा मागे फिरत नाही.

हे थांबणं लवकर आलं तर काय होतं, ते ‘एएसपीएम’ या जनुकावरून कळतं. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं दोन्हीकडे ओढणारी जी तंतूंची रचना असते, तिच्या टोकांशी या जनुकाचं प्रथिन बसतं. ते बिघडलं की मूळ पेशींना स्वतःसारख्या दोन पेशी नीट बनवता येत नाहीत, साठा लवकर आटतो, आणि बाळ जन्मतः फार लहान डोक्याचं होतं. आजार दिसायला जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. असे आई-वडील स्वतः ठणठणीत असतात, पण दोघंही वाहक असतील तर दर गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत अनेक घरांत आहे. एकाच आजी-आजोबांकडून आलेली तीच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता अशा जोडप्यांत वाढते. कुटुंबात असं मूल जन्मलेलं असेल तर पुढच्या वेळी दिवस राहण्याआधी आनुवंशिकतेच्या डॉक्टरांशी बोलावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. झिका विषाणू गर्भात याच मूळ पेशींवर हल्ला करतो. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्माला येऊ लागली ती त्यामुळे.

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. डोक्याच्या मागे, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. आकाराने लहान, पण ८६ अब्जांपैकी सुमारे ६९ अब्ज चेतापेशी एकट्या त्याच्यात आहेत, बहुतेक सगळ्या अगदी बारीक कणपेशी. त्यांच्या मूळ पेशी लहान मेंदूच्या पृष्ठभागावर थर करून असतात आणि बाळ जन्मल्यावरही कित्येक महिने विभागत राहतात. त्यांना ‘विभागत राहा’ असा निरोप त्यांच्या खाली असलेल्या, पर्किंजी नावाच्या मोठ्या चेतापेशींकडून येतो, ‘सॉनिक हेजहॉग’ या प्रथिनाच्या रूपात. मूळ हेजहॉग जनुकही माशीतलंच. क्रिस्टियान न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाऊस यांनी ते शोधलं, दोघांना एडवर्ड लुइस यांच्यासोबत १९९५ चं नोबेल मिळालं.

निरोप पोहोचतो कसा, ते सांगते. कणपेशींच्या मूळ पेशीवर ‘पॅच्ड’ नावाचं प्रथिन असतं. एरवी ते ‘स्मूदन्ड’ या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवतं. सॉनिक हेजहॉग येऊन पॅच्डला चिकटलं की स्मूदन्ड मोकळं होतं, त्यामुळे ‘ग्ली’ प्रथिनं केंद्रकात कामाला लागतात आणि सायक्लिनचं जनुक चालू करतात. पेशी विभागते. काही काळाने ती पृष्ठभाग सोडून आत सरकते, निरोपाला दाद देईनाशी होते, विभागणं थांबवते आणि कणपेशी होते. एखाद्या पेशीतलं पॅच्डचं जनुकच बिघडलं तर? स्मूदन्डला दाबणारं कुणी उरत नाही. निरोप आलेला नसतानाही पेशी तो आल्यासारखी वागते, विभागतच राहते. मेड्युलोब्लास्टोमा या लहान मुलांच्या मेंदूच्या गाठींतला एक मोठा गट असा सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणापासून या गाठी फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात यावर ओळखल्या जात नाहीत, कोणती जनुकं बिघडली यावरूनही त्यांचे गट पाडतात. उपचार किती कडक द्यायचे हे त्यावर अवलंबून असतं.

ठाण्याहून पनवेल लोकलने गेलं की खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं अॅक्ट्रेक आहे, कॅन्सरवरचे उपचार आणि संशोधन एकाच आवारात. तिथे प्रोटॉन किरणांच्या उपचारांचीही सोय झाली आहे. मुलांच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे, कारण वाढत्या मेंदूला नेहमीच्या किरणांनी जास्त इजा होते. प्रोटॉन किरण गाठीपाशी बहुतेक ऊर्जा टाकून थांबतात, पलीकडच्या भागाला त्यांचा त्रास खूप कमी होतो.

मुलाला अशी गाठ झालेली कळव्याची एक आई मला एकदा म्हणाली, “ताई, तुम्ही हेच शिकवता ना. खरं सांगा, आमचं काय चुकलं?” सासूबाईंनी तिला सांगितलं होतं, ग्रहणात तू भाजी चिरलीस. तिला मी जे सांगितलं, तेच इथे लिहिते. पेशी विभागते तेव्हा डीएनएची सुमारे ६ अब्ज अक्षरं नक्कल होतात. इतक्या अक्षरांत कुठेतरी एखादं अक्षर चुकतं, दुरुस्तीतून निसटतं, आणि फार क्वचित ते नेमकं अशा जनुकात असतं. ग्रहण, पपई, कुणाची नजर, रागाच्या भरात बोललेला शब्द, यातल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. थोड्या मुलांत असा बदल आई-वडिलांकडून आलेला असतो, आणि तो तपासून पाहता येतो. तो आला असला तरी कुणी ठरवून दिलेला नसतो. तिच्यासारख्या बायकांना घरातल्यांनी हे ऐकवत राहणं थांबवावं, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

स्मूदन्डला अडवणारी औषधं आता आहेत. ‘व्हिस्मोडेगिब’ त्यांतलं एक. पण हीच साखळी मुलांच्या हाडांच्या वाढीतही वापरली जाते, त्यामुळे उंची वाढायच्या वयात ते दिलं तर हाडांची वाढ कायमची थांबू शकते. म्हणून मुलांना ते देताना डॉक्टरांना फार विचार करावा लागतो.

चेतापेशींची संख्या वाढायची थांबली तरी प्रत्येक चेतापेशी आकाराने वाढतच असते. कमरेजवळच्या मज्जारज्जूपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा एकाच पेशीचा तंतू मोठ्या माणसात सुमारे मीटरभर लांब असतो. पेशी किती मोठी व्हावी, हे बऱ्याच अंशी ‘एमटॉर’ या प्रथिनाच्या हातात आहे. पेशीला पुरेसं अन्न आणि वाढीचा निरोप मिळाला की ते प्रथिनं बनवण्याचा वेग वाढवतं. टीएससी१, टीएससी२ आणि पीटेन ही जनुकं त्याला आवरून धरतात. टीएससी बिघडलं की ट्युबरस स्क्लेरोसिस होतो. मेंदूत जागोजागी नको तेवढ्या मोठ्या, वेड्यावाकड्या पेशींचे पुंजके होतात आणि मुलाला फिट्स येतात. एमटॉरला दाबणारं ‘एव्हरोलिमस’ या आजारात कामी येतं.

पेशी मोजक्या ठेवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे जास्तीच्या मारून टाकणं. रीटा लेव्ही-मोन्टालचिनी यांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या तुरिन शहरात, ज्यू म्हणून विद्यापीठातून काढून टाकल्यावर, घरातल्या झोपायच्या खोलीत कोंबडीच्या गर्भांवर काम केलं. पुढे त्यांनी आणि स्टॅन्ले कोहेन यांनी चेतापेशींना जिवंत ठेवणारं प्रथिन शोधलं, त्याला १९८६ चं नोबेल मिळालं. गर्भात चेतापेशी जरुरीपेक्षा कितीतरी जास्त बनतात. ज्यांचा तंतू योग्य जागी पोहोचतो त्यांना तिथून हे किंवा यासारखं प्रथिन मिळतं. बाकीच्या आपल्याच जनुकांच्या आज्ञेने मरतात, काही भागांत जवळजवळ निम्म्या.

शेवटी न्यूरोब्लास्टोमा या गाठीबद्दल, कारण विभागणं थांबवायला विसरलेल्या पेशींना पुन्हा थांबायला लावता येतं हे तिथे दिसतं. मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीत किंवा मणक्याच्या बाजूला होणारी ही गाठ बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांत आढळते. ती बनते चेतापेशी व्हायला निघून वाटेतच अडकलेल्या पेशींची. ‘मिकएन’ या जनुकाच्या ढीगभर प्रती झाल्या असतील तर गाठ जास्त आक्रमक असते. उलट काही तान्ह्या बाळांत ती आपोआप विरून जाते. धोका जास्त असलेल्या मुलांना मुख्य उपचारांनंतर ‘आयसोट्रेटिनॉइन’ देतात. हे औषध पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकं चालू-बंद करतं आणि उरलेल्या पेशींना विभागणं सोडून परिपक्व व्हायला लावतं.

हेच आयसोट्रेटिनॉइन चेहऱ्यावरच्या हट्टी मुरुमांसाठीही दिलं जातं. गर्भात याच प्रकारचा रेणू मेंदूचा मागचा भाग आणि मज्जारज्जू घडवण्याचं काम करतो, त्यामुळे बाहेरून जादा मिळालं तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, कानांत गंभीर दोष येतात. माझ्या वर्गातल्या मुलींच्या मोठ्या बहिणी मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून ही गोळी आणतात, असं कानावर येतं. ती त्वचेच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर किमान एक महिना दिवस राहता कामा नयेत.